आमच्या घरची कातीण

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



भाषण म्हणून चारचौघींपुढे उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विषय झाले. लोणची झाली, भरतकाम झाले, गेल्या वर्षी एका भगिनींनी नर्मदा परिक्रमेची हकिकत किती सुरेख सांगितली. त्या सगळ्यांच्या पंगतीला माझा विषय बसतो की नाही, मला शंकाच होती. पण चिटणीसबाईंनी पत्रिकेत छापूनच टाकले, तेव्हा माघारीची वाट राहिली नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळाच सातवीला संपत होती. म्हणून शास्त्रातले जे काही ह्यात येईल ते माझ्या धाकट्या लेकीने वाचून दाखवलेले. ती इथे मुधोजी कॉलेजात शिकते. आणि डोळ्यांनी पाहिलेले जे येईल ते माझे.

विषय कोळ्याचा. पण माझी आजी कोळी म्हणत नसे, कातीण म्हणे. कातते ती कातीण. मला हाच शब्द बरा वाटतो, कारण घरात जी ठळक दिसते ती बहुतेक मादी असते, आणि कोळी म्हटले की मासे धरणारा डोळ्यांपुढे येतो. दोघांचेही पोट जाळ्यावर, म्हणून नाव एक झाले असेल. मौज अशी की मी जिच्याबद्दल बोलणार आहे ती जाळे विणतच नाही.

तुम्ही सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. रात्री पाणी प्यायला उठावे, दिवा लावावा, आणि भिंतीवर तळहाताएवढी, तपकिरी, पाय पसरून बसलेली. आपण ओरडतो, ती सर्रकन कपाटामागे जाते. अंग इतके चपटे की तसबिरीच्या मागच्या फटीत मावते. तोंडाशी, डोळ्यांच्या खाली, फिकट पांढुरकी पट्टी असते, मिशी ठेवावी तशी. तिच्यावरून ही जात ओळखता येते. पायांच्या टोकाला बारीक केसांचे झुपके असतात, म्हणून ती काचेवरूनही चालते. शास्त्रात तिचे नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने १७६७ साली त्यातले व्हेनाटोरिया हे नाव नोंदले, त्याचा अर्थ शिकारीण. जहाजांतून, केळीच्या घडांतून ती जगातल्या साऱ्या उष्ण मुलुखांत पोचली आहे. थंड देशांत ती बाहेर जगत नाही, तिथे झाडांसाठी ऊब करून ठेवलेल्या काचघरांत सापडते. माणसाच्या छपराखाली राहणे हाच तिचा संसार.

तेव्हा दिवाळीला आपण कुंच्याने जी जळमटे काढतो ती हिची नव्हेत. ती कोपऱ्यातल्या त्या लांब काडीसारख्या पायांच्या कोळ्यांची, हात लावला की थरथर हलतात ना, त्यांची. ह्या बाईच्या वाट्याला नुसती शिव्यांची धनीण होणे येते.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात, तुळशीचे लग्न झाले त्याच आठवड्यात, माझी थोरली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना लागलेला. घर जुने, तुळयांचे, भिंतींना पोपडे आलेले. ह्यांनी ठरवले की बाळ यायच्या आत रंग काढायचा आणि स्वयंपाकघरात झुरळांचे औषध मारून घ्यायचे. रंगारी ठरला. मी माजघरातली लाकडी पेटी भिंतीपासून ओढली, तर मागे ही बसलेली. आठांतला एक पाय तुटलेला, सातांवर उभी. आणि पोटाखाली एक पांढरी चकती धरलेली, रुपयाच्या नाण्याएवढी, बत्तासा चपटा करावा तशी. ती तिच्या अंड्यांची पिशवी. रेशमाची असते, तीही स्वतः काढलेल्या. जाळे विणत नाही पण सूत काढायला येते, एवढे तिचे कातीणपण शिल्लक आहे.

ह्यांनी पायातली वहाण काढली. मी म्हटले, "अहो, थांबा." घरात लेक पोटुशी, आणि हिच्या पोटाशी पिशवी. मला काही तिचा जीव घेववेना. कुणी ह्याला भाबडेपणा म्हणावे, माझी तक्रार नाही. पण मारायची नाही म्हटले तरी ठेवायची कुठे? दोन दिवसांनी घरभर चुना, रंग आणि औषध. औषधाने मेले-अर्धमेले झुरळ तिने खाल्ले तर तीही मरणार. बाहेर टाकावी तर कार्तिक सरत आलेला. आपल्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. दिवसा ऊन लागते आणि पहाटे कालव्याकडून असा वारा सुटतो की गोधडीतून हात काढवत नाही. छपराची सवय असलेला जीव, त्यात एक पाय कमी. म्हणून हिवाळाभर घरातच, पण बरणीत ठेवायची असे धाकटीचे आणि माझे ठरले.

पकडण्याची रीत सांगून ठेवते, कारण बरणीत ठेवायची नसली तरी घराबाहेर न्यायला ती उपयोगी पडते. रुंद तोंडाचे पातेले किंवा मोठा पारदर्शक डबा हळूच तिच्यावर उपडा घालायचा. कडेखाली पाय सापडू द्यायचा नाही. मग भिंत आणि डबा ह्यांच्या मधून जाड कागद सरकवायचा. लग्नाच्या पत्रिका ह्या कामाला उत्तम. हाताने धरायची नाही. ती चावत नाही असे मी म्हणणार नाही. चिमटीत दाबली तर चावते, दुखते, सूज येते आणि उतरते. माणूस त्याने दगावत नाही. पण आपण धरले नाही तर ती आपल्या अंगावर येत नाही, तिला पळायचेच असते.

बरणी घेतली ती पापडांची, पाच लिटरची, प्लॅस्टिकची. दाभण तापवून झाकणाला आणि बाजूला भोके पाडली. आत बाभळीच्या सालीचा एक उभा तुकडा ठेवला, कारण ही जमिनीवर बसणारी नव्हे, तिला उभ्या अंगाने चिकटायला जागा लागते, आणि मागे लपायला फट. बरणी माडीवर कोनाड्यात ठेवली, ऊन पडणार नाही अशी. पहिल्या दिवशी मला वाटले, थंडी आहे तर वरून लोकरीचे काही गुंडाळावे. धाकटी हसायला लागली. लोकर आपल्याला ऊब देते ती आपल्या अंगात ऊब असते म्हणून. तिच्या अंगात स्वतःची ऊब नाहीच. भोवतालची हवा जशी तशी ती. गारवा पडला की ती मंद होते, कमी हलते, कमी खाते, आणि तेवढ्यावर भागवते. तिला शेकोटीजवळ किंवा दिव्याखाली ठेवले तर उलट वाळून जाते.

आणि वाळणे हेच तिचे मोठे मरण आहे, उपास नव्हे. हे मला नवीन कळले म्हणून जरा सविस्तर सांगते. मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊन मुठीसारखा पडलेला दिसतो. असे का, ह्याचा कधी विचार केला होता का आपण? आपले हातपाय लांब करायला आणि आखडायला दोन्हींकडे स्नायू असतात. कोळ्याला पाय आखडायला स्नायू आहेत, पण पायाच्या मुख्य सांध्यांना लांब करायला नाहीत. ती अंगातल्या रक्ताचा दाब पायात सोडते आणि पाय ताठ होतो, नळीत पाणी सोडले की नळी ताठते तसा. अंगातले पाणी आटले की दाब जातो आणि पाय आपोआप मिटतात. तेव्हा कातीण सांभाळायची म्हणजे आधी पाणी सांभाळायचे. पण वाटी भरून ठेवायची नाही. बाटलीच्या बुचात कापसाचा बोळा ठेवायचा आणि तो भिजवायचा, शिवाय एक-दोन थेंब बरणीच्या भिंतीवर. बोळा दर दोन दिवसांनी बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. एका सकाळी मी पाण्याचा थेंब टाकला आणि ती सालीमागून पुढे आली, तोंड त्या थेंबाला लावून कितीतरी वेळ स्तब्ध राहिली. थेंब लहान होत गेला. मी चहा गाळायची थांबले होते, तो उकळून काळा झाला.

खाण्याचे थोडक्यात. आठवड्याला एक जिवंत झुरळ, तेही औषध न मारलेल्या जागेतले. आम्ही शेजारच्या गोठ्यातून आणत होतो. मेलेले चालत नाही, हालले तरच तिला कळते. तिला चावायला दात नसतात. ती विष टोचते, पोटातला रस आत सोडते, आणि पातळ झालेले शोषून घेते, मागे नुसती टरफले. न खाल्लेले झुरळ दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे. झुरळ पकडणे हे कातीण पकडण्याच्या दसपट अवघड, हा माझा अनुभव.

आमच्या कातिणीने मात्र पिशवी पोटाशी होती तोवर एकही झुरळ खाल्ले नाही. पहिले टाकले, तिने पाठ फिरवली. दुसऱ्याचेही तेच. मग आम्ही टाकणे सोडले. पिशवी तोंडाजवळच्या दोन आखूड पायांनी धरलेली असते, मग खाणार कशी? हाडकली. पोट सुरकुतले. पण पिशवी खाली ठेवली नाही.

मार्गशीर्षात, रामाच्या रथाच्या दिवसांत, सासूबाईंच्या डाव्या बरगडीखाली आग होऊ लागली. वय अठ्ठ्याहत्तर. दोन दिवस त्या बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला मी पाठ चोळताना पाहिले, तर पाण्याने भरलेले बारीक फोड, घोसाघोसाने, पाठीपासून पोटाकडे पट्टा ओढल्यासारखे. त्या म्हणाल्या, "कातीण मुतली. तुझ्या त्या बरणीतली. मी आधीच सांगत होते."

आपल्याकडे हा समज किती पक्का आहे ते सांगायला नको. ओठाला फोड आला, कातीण फिरली. अंगावर पुरळ उठले, कातीण मुतली. शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी पाहून सांगितले की ही नागीण आहे, काव उगाळून लावा, आणि विळखा पुरा होऊ देऊ नका, दोन तोंडे मिळाली की माणूस हाती लागत नाही. एकीने कातीण म्हटले, दुसरीने नागीण. रोग एक आणि नावे दोन मुक्या प्राण्यांची, ज्यांतला एकही त्या अंथरुणाजवळ आला नव्हता. बरणीचे झाकण तर मी रोज पाहत होते. घरात मात्र ठराव झाला, बरणी उकळत्या पाण्यात रिकामी करा.

मी म्हटले, बरणीचे मग पाहू, आधी डॉक्टरकडे चला. काव लावायची नाही. सासूबाई ऐकायला तयार नव्हत्या, ह्यांनाही वाटत होते की चार दिवस घरचे करून पाहावे. मी रिक्षा दारात आणून उभी केली आणि त्यांचे लुगडे बदलायला घेतले. भाड्याचे पैसे सुरू झाले की आमच्याकडे वाद थांबतो.

डॉक्टरांनी एका नजरेत सांगितले ते असे. लहानपणी ज्याला कांजिण्या येऊन गेल्या, त्याच्या अंगातून त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो. म्हातारपणी किंवा अशक्तपणात अंगाची ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि त्या एका तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून पट्टा. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, म्हणून पट्टा बहुधा मध्यावर थांबतो, विळख्याचे काही खरे नाही. आणि ह्याला गोळ्या आहेत. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत त्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण चांगला येतो. उशीर झाला की फोड सुकतात, पण आतली आग काही म्हाताऱ्या माणसांना महिनोनमहिने, क्वचित वर्षे, सोडत नाही. दिवसाला पाच वेळा गोळी, सात दिवस. "परवा आला असता तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो," असे ते म्हणाले.

मग त्यांनी मला विचारले, घरात कुणी गरोदर आहे का? माझ्या पोटात गोळा आला. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही टोचलेली नाही, त्याला ह्या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदर बाईला त्या वाईट. थोरलीला चौथीत असताना कांजिण्या आल्या होत्या, मीच तिला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवले होते. तेव्हा ती भीती नव्हती. तरी फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिला आजीच्या खोलीत जाऊ दिले नाही, आणि फोड झाकून ठेवले. पाहा, सगळे लक्ष त्या बरणीवर लागले होते आणि खरा जपायचा जीव कुठे होता.

फोडांचे आणखी एक कारण धाकटीने सांगितले. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, लांबट, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा किडा येतो. तो डंख मारत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातले पाणी लागून दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. सकाळी उठून आपण पाहतो तो चट्टा, आणि भिंतीवर दिसते बिचारी कातीण. म्हणून तसा किडा बसला तर फुंकरीने उडवावा, चिरडू नये, आणि चिरडलाच तर साबणाने लगेच धुवावे.

सासूबाईंची आग महिन्याभरात कमी झाली. त्यांचे मत बदलले असे मात्र समजू नका. "गोळ्यांनी बरे वाटले हे खरे. पण ती मुततच नसेल असे कशावरून?" एवढ्यावर त्या आल्या. म्हाताऱ्या माणसाला एका हिवाळ्यात किती बदलायचे? बरणी वाचली, मला तेवढे पुरे होते.

मी त्यांना नाथभागवताची आठवण दिली होती. त्या दर चातुर्मासात ऐकतात. अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत कातीण आहे. स्वतःतून धागा काढते, त्यावर खेळते आणि पुन्हा गिळते, तसा परमेश्वर जग मांडतो आणि आवरतो. एकनाथांनी तो ग्रंथ काशीला १५७३ साली पुरा केला. आणि जाळे विणणाऱ्या पुष्कळ कातिणी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि नवे विणतात, हे आजचे शास्त्रही सांगते. आमचीला जाळे नाही, तेव्हा त्या मानातला तिचा वाटा निम्माच म्हणावा लागेल. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गुरू केला असेल, बरणीत नव्हता ठेवला." मला उत्तर सुचले नाही.

शेजारच्या काकूंवर मात्र दुसऱ्या गोष्टीचा परिणाम झाला. आपल्या सातारा जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची बंदूक अंगावर झेलून धरली आणि तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, २००९ साली. ठाणे-कल्याणच्या बाजूला उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली, तिला संशोधकांनी २०२१ साली त्यांचे नाव दिले, आयसियस तुकारामी. धाकटीने फोनवर त्याचे चित्र दाखवले. काकूंचे माहेर जावळीकडचे. त्या चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आपल्या माणसाचे नाव किड्याला दिले, हे बरे केले की वाईट?" धाकटी म्हणाली, "काकू, जगात कोळ्यांच्या पन्नास हजार जाती २०२२ पर्यंत मोजून झाल्या. त्या यादीतून हे नाव आता कुणी काढू शकत नाही." त्यानंतर काकू बरणीबद्दल काही बोलल्या नाहीत. एकदा तर स्वतःच्या न्हाणीतले झुरळ काडेपेटीत घालून घेऊन आल्या.

संक्रांतीच्या आधी चार दिवस पिशवी थोडी फुगली आणि तिची कड उसवल्यासारखी झाली. ऊबदार दिवसांत महिन्याभरात होते ते थंडीने लांबले होते. सकाळी तिळाची कढई उतरवून माडीवर गेले, तर बरणीची भिंत राखाडी ठिपक्यांनी भरलेली. तीळ सांडावेत तशी पिल्ले. थोरलीला हाताला धरून वर आणले. एकशे चाळीसपर्यंत आम्ही मोजली, मग ती हलायला लागली आणि हिशोब चुकला. एका पिशवीत दोनशेपर्यंत असू शकतात. आई मध्ये बसलेली, रिकामी पिशवी अजून धरून. दुसऱ्या दिवशी तिने ती सोडली.

पिल्ले एकत्र ठेवता येत नाहीत. भूक लागली की एकमेकांना खातात. म्हणून तिसऱ्या दिवशी आईला दुसऱ्या डब्यात घेतले आणि पिल्लांची बरणी गोठ्यात, सरपणाच्या ढिगाजवळ, उघडी करून ठेवली. तिथे ऊब असते आणि चिलटे असतात. दोन दिवसांत बरणी रिकामी. शंभरातले किती जगले असतील? फार नसतील. हे थोरलीपुढे मी बोलले नाही.

धाकटीने त्या वेळी एक सांगितले ते तुम्हालाही पाहता येईल. माळावरच्या बाभळींवर मळकट जाळ्याचे गोळे असतात, आपण त्याला कचरा अडकला म्हणतो. त्यात बारक्या कातिणींची वसाहत असते, शेकडो एकत्र, एका जाळ्यावर शिकार करणाऱ्या. त्यांच्यात आई पिल्लांना आधी तोंडातले भरवते आणि शेवटी स्वतःच त्यांचे अन्न होते. आमची तशी नाही. तिने पिल्ले गेल्यावर चौथ्या दिवशी मोठे झुरळ खाल्ले, आणि पाच दिवसांनी दुसरे. ते पाहून मला बरे वाटले, हे खरे सांगते. आईने पोटभर खाल्लेले आपल्या घरांतून फार दिसत नाही.

माघात थोरली बाळंत झाली, मुलगी झाली. पुढचा महिना माझा शेकशेगडी, डिंकाचे लाडू आणि धुणे ह्यांत कसा गेला ते तुम्ही जाणताच. माडीवर जायला मला फुरसत नव्हती, धाकटीच्या परीक्षा. आठव्या-नवव्या दिवशी मी धास्तावून वर गेले, तर डब्यातला कापूस ओला, आणि पांढरा स्वच्छ. विचारले कुणाला नाही. माडीवर दुपारच्या उन्हाला फक्त सासूबाई बसतात.

होळी झाल्यावर, औषधाला काही महिने उलटून कोठीची खोली पुसून घेतल्यावर, मी तिला तिथे सोडली. बाळाच्या खोलीत नव्हे, हेही सांगते, उगाच धाडस दाखवण्यात अर्थ नाही. तुटलेला पाय परत आला नाही. वाढत्या वयाच्या कोळ्याला कात टाकताना नवा पाय फुटतो, पण ही पुरी वाढलेली, तिची कात टाकून झालेली. ह्या जातीची मादी सव्वा वर्षाच्या आसपास जगते. म्हणजे ही अजून थोडे दिवस. कोठीत रात्री दिवा लावते तेव्हा कधी तांदळाच्या पिंपामागे सात पाय दिसतात, कधी दिसत नाहीत. झुरळे पुरी गेली असे मी म्हणत नाही. पण औषधवाला फुलाबरोबर दुसऱ्यांदा यायचा होता, त्याला ह्यांनी नको म्हणून कळवले. बाळ घरात आहे, वास नको, असे कारण दिले. कातिणीचे नाव घेतले नाही.

ज्यांना हिवाळ्यात असा पाहुणा सांभाळावा लागेल त्यांच्यासाठी पापडांची ती बरणी मी धुऊन ठेवली आहे. घेऊन जावी. मात्र झाकणाला भोके आहेत, पिठाला चालायची नाही.